पिशव्यांची राखण

मे महिना उंबरठ्यावर आला की आपल्या धर्मग्रामांत दोन याद्या फिरू लागतात. एक लग्नाच्या आमंत्रणांची, दुसरी सहलीची. पहिलीबद्दल मला काही म्हणावयाचे नाही. दुसरी गेल्या आठवड्यात आमच्या दारी आली. तिच्या माथ्यावर 'कौटुंबिक सहल' असे ठळक अक्षरांत लिहिले होते. त्याखाली एका वॉटरपार्कचे नाव, त्याखाली माणशी वर्गणी आणि अगदी तळाशी एक ओळ : 'आजी-आजोबांनाही अवश्य आणावे.' ती शेवटची ओळ वाचून मी कागद तसाच टेबलावर ठेवला. आजीला अवश्य नेल्यावर तिथे तिचे काय होते, ते मी मागच्याच उन्हाळ्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

माझा मुलगा चार वर्षांनी कॅनडाहून सहकुटुंब आला होता. मुलगी आणि जावई त्यांच्या दोन मुलांसह आले होते. आम्ही दोघे आणि माझी एक्याऐंशी वर्षांची आई धरून घरात अकरा माणसे जमली. चार पिढ्या एका छपराखाली ! असा योग पुन्हा कधी येणार, म्हणून एक दिवस सर्वांनी मिळून बाहेर घालवावा असे ठरले. कुठे जायचे हे मुलांना विचारले. मुलांनी जे सांगायचे तेच सांगितले. माणशी हजारावर तिकीट काढून आम्ही सकाळी साडेदहाला एका वॉटरपार्कच्या दारात उभे राहिलो.

आई आजही लाल लुगडे नेसते. ज्या पिढीने ते शेवटपर्यंत सोडले नाही, त्या पिढीतली ती. पाण्यात उतरायचे तर नायलॉनचा पोशाख हवा, असा तिथला नियम. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही, त्यामागे काही कारण असेल. पण त्या नियमाने आईचा दिवस दारातच संपला. लॉकरच्या रांगेसमोर एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. "आई, तू इथं सावलीत बस. पिशव्यांवर जरा लक्ष ठेव. आम्ही आलोच," असे तिला सांगणारा मीच होतो. ती साडेदहाला बसली आणि पाच वाजता उठली. तिच्या पायांशी चौदा पिशव्या, अकरा जोड पादत्राणे आणि मांडीवर चार मोबाईल. मधे दोनदा मी चहा घेऊन गेलो, एवढेच माझे पुत्रकर्तव्य.

परतीच्या वाटेवर नातीच्या मुलीने तिला विचारले, "मोठी आजी, तुला मजा आली ?"

आई म्हणाली, "आली ना. एकसुद्धा पिशवी हरवली नाही."

गाडीत सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र ते वाक्य मला झोपू देईना.

वाचकहो, पाण्यात खेळण्याला माझा विरोध नाही. घसरगुंडीवरून आरडाओरडा करीत खाली येणाऱ्या लेकरांचा आनंद खरा असतो आणि तो खोटा ठरविणारा म्हातारा मला व्हायचे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, त्याला 'कौटुंबिक सहल' म्हणू नये. मुलांची सहल म्हणा, तरुणांची म्हणा. कुटुंब या शब्दाला दारात खुर्चीवर बसवून आपण आत जातो आणि घरी येऊन सांगतो की, आम्ही सर्व मिळून गेलो होतो.

अशा ठिकाणच्या प्रत्येक मोठ्या पाळण्यापाशी एक फलक असतो. तो आपण वाचीत नाही. एकदा सावकाश वाचून पाहावा. हृदयविकार असलेल्यांनी बसू नये. पाठीचे वा मानेचे दुखणे असलेल्यांनी बसू नये. गरोदर स्त्रियांनी बसू नये. अमुक उंचीहून लहान मुलांनी बसू नये. तो फलक म्हणजे आपल्या घरातल्या माणसांची शिरगणतीच नव्हे काय ? आजोबांचे हृदय, आईची पाठ, सुनेचे दिवस, धाकट्याची उंची ! एकेकाला वगळीत गेले की अखेरीस उरतात ती बारा ते तीस वयाची धडधाकट मंडळी. फलक प्रामाणिक आहे, तो कुटुंब मोडून दाखवितो. अप्रामाणिक आहे ती आपली वर्गणीची यादी.

यातली गंमत अशी की, ज्या माणसाने जगाला ही उद्याने दिली, त्याला नेमके हेच खुपले होते. वॉल्ट डिस्ने दर शनिवारी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये नेत असे. मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि बाप बाकावर शेंगदाणे खात त्यांची वाट पाही. आईबापांना आणि मुलांना एकत्र रमता येईल अशी एखादी जागा का असू नये, हा विचार आपल्याला त्या बाकावर सुचला, असे तो पुढे सांगत असे. त्यातून १७ जुलै १९५५ रोजी अनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले. त्याने बापाला बाकावरून उठविले खरे, पण सत्तर वर्षांनंतर ते बाक रिकामे राहिलेले नाही. आज त्यावर आजी बसली आहे, आणि तिच्या हाती शेंगदाण्यांऐवजी आपल्या पिशव्या आहेत.

आपल्याकडे हे वारे १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडल्यापासून सुटले. १९९८ साली शेजारी वॉटर किंगडम आले. त्यानंतर खाडीच्या अलीकडे, आपल्या तालुक्यात, वज्रेश्वरीच्या रस्त्याला आणि अर्नाळा-राजोडी-कळंबच्या किनाऱ्याला तलाव बांधले गेले. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका झाले. आता तर शाळांच्या, कंपन्यांच्या आणि दुर्दैवाने धर्मग्रामांच्याही सहलीला दुसरे नावच सुचत नाही. वर्षानुवर्षे एकच वर्गणी, एकच बस, त्याच ध्वनिक्षेपकावरची तीच गाणी. संध्याकाळी माणसे घरी येतात ती भाजून, दमून, घसा बसवून, आणि सोमवारी रजा टाकतात. विश्रांतीसाठी गेलेल्या माणसाला विश्रांतीनंतर विश्रांती घ्यावी लागते, हे आपल्याला चमत्कारिक वाटेनासे झाले आहे.

पूर्वी सर्व काही आबादीआबाद होते, असे गाणे मी गाणार नाही. माझ्या लहानपणी कार्तिकातल्या निर्मळच्या यात्रेला आम्ही सगळे जात असू. मोठी माणसे ओळखीपाळखीच्या माणसांशी तासन् तास बोलत. आम्हां मुलांचे लक्ष पाळण्याकडे आणि सुकेळ्यांच्या पुड्यांकडे. सप्टेंबरात मोतमाऊलीच्या जत्रेसाठी गाडीने वांद्र्याला जाणे व्हायचे. त्या साऱ्या प्रवासांची नायिका आजी असे. कोणत्या वाटेने जायचे, कुणाकडे पाणी प्यायचे, कुणाला मेणबत्ती लावायची राहिली, हे तिलाच ठाऊक. ती पुढे आणि आम्ही मागे. पण त्याच दिवशी माझी आई पहाटे चारला उठून वीस माणसांचा स्वयंपाक करून डबे बांधीत असे आणि रात्री परतल्यावर भांडी घाशीत असे, हेही मला आठवते. तेव्हा जुन्या सहली परत आणा असे म्हणणाऱ्या पुरुषांनी आधी डबे कोण बांधणार ते सांगावे. माझ्या घरी मी नियम केला आहे : सहलीच्या दिवशी चूल पेटणार नाही. पाव, केळी, उकडलेली अंडी आणि वाटेत जे मिळेल ते. कुणी उपाशी राहिलेले नाही.

या सर्व विचारातून माझ्यापुरती मी एक कसोटी ठरविली. सहलीचे ठिकाण सुचले की विचारायचे : घरातले सर्वांत वयस्क माणूस तिथे दिवसभर काय करील ? ते पाहील, बोलेल, ओळखेल, सांगेल, निवांत बसेल, यांपैकी एक जरी उत्तर आले तरी ठिकाण चांगले. 'ते पिशव्या सांभाळील' असे उत्तर आले तर ठिकाण रद्द. कसोटी एकाच टोकाची आहे, असा आक्षेप माझ्या जावयांनी घेतला. म्हातारीचे पाहिले, पोरांचे काय ? आक्षेप रास्त होता, म्हणून आम्ही प्रयोग करून पाहिला.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी आईला, मुलीला आणि तिच्या दोन्ही मुलांना घेऊन मी रो-रो बोटीवर गेलो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर ही सेवा सुरू झाली. रस्त्याने महामार्गाला वळसा घालून तास-सव्वा तास लागणारे अंतर बोट पंधरा-वीस मिनिटांत तोडते. गाडीसह बोटीवर चढता येते, त्यामुळे आईचे गुडघे हा प्रश्नच उरला नाही. तिकीट इतके कमी की, गेल्या उन्हाळ्यात एका माणसाच्या प्रवेशाला जेवढे पैसे मोजले, तेवढ्यात आमचे पाच जणांचे जाणे-येणे होऊन वर चहाही झाला. बोट खाडीत शिरली तशी आई कठड्याशी जाऊन उभी राहिली. मिठागरे कुठे होती, मिठाच्या पांढऱ्या राशी कशा दिसत, शिडाची गलबते कुठल्या बाजूने येत, असे एकेक ती नातवंडांना दाखवू लागली. भाईंदरला उतरून आम्ही काहीच पाहिले नाही. पुढच्या बोटीने परत फिरलो, कारण पोरांना पुन्हा बोटीत बसायचे होते. परतताना समोर वसईचा किल्ला आला. रस्त्याने गेले की किल्ला झाडीत लपलेला असतो. पाण्यावरून मात्र तो जसा बांधणाऱ्यांनी योजला तसा दिसतो : खाडीच्या तोंडाशी पाय रोवून उभा असलेला. माझ्या नातवाने तेव्हा विचारले, "याला घ्यायला लोक कुठून आले ?" किल्ल्यात मी स्वतः त्याला तीनदा नेले होते, पण हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही किल्ल्यात गेलो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगिजांना दिलेली वसई, दोनशे वर्षांनी मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतलेली वसई, आणि १८०२ च्या शेवटच्या दिवशी ज्या गावाच्या नावाने पेशवाईच्या गळ्याला फास लागला ती वसई. याच वसईत जन्मून ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर प्राण देणारे आणि १८६२ साली संतपदी पोहोचलेले गोन्सालो गार्सिया. हे सारे आपल्या मुलांना परीक्षेपुरते पाठ असते. ओस पडलेल्या देवळांच्या भिंतींच्या सावलीत आई एका दगडावर बसली. तिला कुणीही पिशवी दिली नाही. (लग्नाआधीची छायाचित्रे काढणारी जोडपी मात्र आमच्या आसपास इतकी होती की, हा किल्ला पुढे त्यांच्याच ताब्यात जाणार असे माझ्या मुलीचे मत पडले.)

सोपाऱ्याचा स्तूपही या कसोटीला उतरतो. जागा सपाट, झाडांची सावली, गर्दी नाही. लोक ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणत, ते टेकाड १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणले. आत दगडी पेटी, तीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि अखेरीस सोन्याचा असा एकात एक ठेवा निघाला, सोबत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. हे करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले. सम्राट अशोकाच्या लेखाचा तुकडाही त्याच साली सोपाऱ्यात हाती आला. नालासोपारा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गाडीची गर्दी येते. दोन हजार वर्षांपूर्वी जगाला ठाऊक असलेले बंदर आपल्या नातवंडांना ठाऊक नाही आणि ते घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

पण मला सर्वांत अधिक सांगायचे आहे ते घंटांविषयी.

१७३९ च्या विजयानंतर मराठ्यांनी वसईच्या चर्चमधल्या घंटा काढून नेल्या आणि त्या महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या देवळांत टांगल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराचे मंदिर आहे, त्याच्या दर्शनी भिंतीवर १७२१ सालची प्रचंड घंटा आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्याखालच्या घाटावर, १७०७ सालची घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया कोरलेली आहे. भीमाशंकरालाही एक आहे. आता आपला प्रवास पाहा. दर फेब्रुवारीत आपल्या गावांतून बसेस भरून माणसे नाशिकच्या बाळ येशूच्या यात्रेला जातात. दर मे महिन्यात आपली कुटुंबे वाईवरून पाचगणी-महाबळेश्वरला जातात. नाशिकला जाऊन नारोशंकरापर्यंत कितीजण जातात ? वाईला चहा पिऊन मेणवलीकडे किती गाड्या वळतात ? महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायची, घोड्यावर बसायचे, परत यायचे. आपल्याच गावाची घंटा वाटेपासून हाकेच्या अंतरावर अडीचशे वर्षांहून अधिक काळ टांगलेली आहे आणि आपण काचा वर करून पुढे जातो.

यंदाच्या फेब्रुवारीत यात्रेनंतर आम्ही एक रात्र नाशिकला राहिलो आणि दुसऱ्या दिवशी आईला नारोशंकराकडे नेले. उन्हे चढू लागली होती. तिथल्या एका फूलवाल्याने न मागता तिला बसायला स्टूल दिले. तिने मान वर करून घंटेकडे बराच वेळ पाहिले. तिचा पहिला प्रश्न होता, "ही नेल्यावर आपल्या लोकांना दुसरी घंटा केव्हा मिळाली ?" मी चाळीस वर्षे शाळेत शिकविले, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता आणि त्याचे उत्तरही मजपाशी नव्हते. इतिहासाच्या पुस्तकात घंटा कुणी जिंकली ते असते. ज्यांच्या माथ्यावरून ती गेली, त्यांनी नंतर वेळ कशी ओळखली, हे नसते.

नातवाने विचारले, "घंटेवरून वेळ कशी ओळखायची ?" आणि आईने बोलायला सुरुवात केली. तिच्या माहेरी पहाटेची, दुपारची आणि तिन्हीसांजेची आंजेलूसची घंटा. दुपारची ऐकली की वाडीतली माणसे रहाट थांबवून उभ्याउभ्या प्रार्थना म्हणत आणि जेवायला येत. तिन्हीसांजेच्या घंटेनंतर बाहेर राहिलेल्या पोराला मार. मरणाची घंटा वेगळी, तिचे ठोके सावकाश. ती ऐकली की वाडीतल्या बाया हातातले काम टाकून ओटीवर येत आणि कोण गेले असेल याचा अंदाज करीत. माझा बाप गेला तेव्हा ती घंटा तिने कुठे उभी राहून ऐकली, हे तिने त्या दिवशी प्रथमच सांगितले. मी साठी ओलांडली आहे, पण मला ते ठाऊक नव्हते. संध्याकाळी कॅनडाला फोन लावून नातवाने आपल्या मामेभावंडांना घंटेचे चित्र दाखविले आणि मोठ्या आजीने सांगितलेले सारे पुन्हा सांगितले, थोडे वाढवूनच. ही सहल कुणाविरुद्धच्या जुन्या तक्रारीची नव्हती, हेही इथेच नोंदवितो. ज्या देवळाने तिला तीनशे वर्षांच्या उंबरठ्यावर आणून नीट ठेवले, त्याचे उपकारच मानावे.

आता किनाऱ्याकडे वळतो, कारण हा वाद नुसता आवडीनिवडीचा नाही. भुईगाव, रानगाव, कळंब, राजोडी येथल्या सुरूंच्या बनात बसायला पूर्वी कुणाची परवानगी लागत नव्हती. वाळू सर्वांची, सावली सर्वांची. आज आठवड्याच्या शेवटी तिथे गेले तर दुतर्फा कुंपणे, भिंतीआड तलाव आणि भिंतीबाहेर उमटणारा ढोलाचा ठोका. समुद्र समोर असताना त्याच्याकडे पाठ करून माणसे क्लोरीनच्या पाण्यात डुंबतात, हे दृश्य मला आजवर उमगलेले नाही. हे तलाव बांधणारे कुणी परके आहेत असे म्हणून सुटताही येणार नाही. त्यांतल्या कितीतरी वाड्या आपल्याच आहेत. केळीला भाव नाही, पानवेलीला मजूर मिळत नाही, पोरे नोकरीला गेली. वाडी पडून राहण्यापेक्षा चार पैसे देते, हा त्यांचा हिशेब मी चूक म्हणू शकत नाही. पण हिशेबात एक रकाना मांडलेला नसतो : पाणी. ज्या तालुक्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीस टँकरने गोडे पाणी उपसले जाते म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली, बायाबापड्या रस्त्यावर आल्या, त्याच तालुक्यात आपण आज पोहण्यासाठी तलाव भरतो. तो कुठल्या पाण्याने भरला, हे तिकिटाच्या खिडकीवर कुणी विचारीत नाही. आपल्या बापजाद्यांची बावखले, पावसाचे पाणी धरून विहिरी गोड ठेवणारी, आपण एकेक करून बुजविली आणि त्याजागी निळ्या फरश्यांची बावखले बांधली. जुन्या बावखलावर बगळा यायचा, म्हैस डुंबायची, पोरे गळ टाकून बसायची आणि काठावर आजोबा. चारी पिढ्यांची जागा होती ती, आणि फुकट.

वाडी राखून पैसा मिळविता येत नाही असेही नाही. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. मुंबईचे कुटुंब एक दिवस वाडीत आले, रहाट पाहिला, केळीच्या पानावर जेवले, सुकेळी विकत घेऊन गेले, तर त्यात वाडीही राहते आणि वाडीवाल्याची म्हातारी आई त्या घरातली सर्वांत मोलाची व्यक्ती ठरते. सुकेळी कशी वाळवायची हे तिच्याइतके कुणाला येते ? मुंबईच्या लोकांआधी आपणच एकमेकांच्या वाड्यांत गेलो तर काय बिघडेल ? निर्मळच्या माणसाने नंदाखाल पाहिलेले नसते, सांडोरच्या पोराला आगाशी ठाऊक नसते.

माझ्यावर येणारे उत्तर मला ठाऊक आहे. किल्ल्यात बसायला बाक नाही, समुद्रावर संडास नाही, उन्हाला आडोसा नाही, रस्त्यात खड्डे आहेत. म्हाताऱ्या माणसाला तिथे नेणे म्हणजे तिचे हाल. वॉटरपार्कमध्ये निदान स्वच्छतागृह तरी असते ! हा मुद्दा मी शंभर टक्के मान्य करतो. दिवाळीनंतरच्या त्या सहलीत आईची याच बाबतीत जी कुचंबणा झाली, ती लिहिण्याजोगी नाही. पण मग याचा अर्थ काय होतो ? जी गोष्ट मागून मिळवायची, ती आपण तिकीट काढून विकत घेतो आणि मागणे सोडून देतो. आपल्यासारखी मागणी करू शकणारी, अर्ज लिहू शकणारी, नगरसेवकाच्या दारी जाऊ शकणारी माणसेच किनाऱ्यावरून उठून गेली, तर तिथे बाक कुणासाठी बसवायचा ? पालिका २००९ पासून आहे, जिल्हा २०१४ पासून आहे. समुद्रावर दहा बाक, दोन स्वच्छ संडास आणि एक पिण्याच्या पाण्याचा नळ, एवढ्यासाठी आपल्या एकाही धर्मग्रामाने सह्यांची मोहीम काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही. बसचे भाडे मात्र आम्ही दरवर्षी वेळेवर भरतो.

आणखी एक गोष्ट लिहितो, धर्मगुरूंनी राग मानू नये. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी ठरवून दिला. त्या दिवशी आपण मिस्सानंतर त्यांना गुलाबाचे फूल देतो, टाळ्या वाजवितो आणि एक फोटो काढतो. आईकडे अशी चार वर्षांची चार फुले वाळून बायबलमध्ये ठेवलेली आहेत. जुलैत पाऊस असतो, त्या दिवशी कुठे नेता येणार नाही हे खरे. पण वर्गणीची यादी तयार करण्याआधी ज्यांना फूल दिले त्यांना एकदा विचारता आले असते की, तुम्हांला कुठे जावेसे वाटते. मी आमच्या गल्लीतल्या सहा वृद्धांना विचारले. एकीला माहेरचे चर्च पाहायचे होते, तीन मैलांवरचे, अकरा वर्षे कुणी नेले नव्हते. एका आजोबांना अर्नाळ्याच्या बेटावर होडीने जायचे होते. गुडघ्यांमुळे किल्ल्यात चढता येणार नाही हे त्यांना ठाऊक आहे, होडीत बसूनच परत यायची त्यांची तयारी आहे. दोघांना लोकलने डहाणूपर्यंत खिडकीशी बसून जायचे होते, कारण २०१३ साली विरारपुढे लोकल सुरू झाल्यापासून त्या गाडीत ते एकदाही बसले नव्हते. एकाला निर्मळच्या तळ्याकाठी संध्याकाळी बसायचे होते. सहावी म्हणाली, कुठेही न्या, पण बोलणारे माणूस सोबत द्या. वॉटरपार्कचे नाव कुणीही घेतले नाही. या सहाही सहलींचा खर्च आमच्या अकरा माणसांच्या एका तिकिटाच्या दिवसात बसला असता आणि नातवंडे सोबत असती तर त्यांना एकही दिवस कंटाळा आला नसता, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. पहिला अर्धा तास ती मोबाईल मागतात, तेवढा सोसावा.

वर्गणीची यादी अजून टेबलावरच आहे. सहल समितीचे तरुण उद्या संध्याकाळी पैसे घ्यायला येणार आहेत. चांगली मुले आहेत, त्यांतली दोघे माझे विद्यार्थी. यादीत आमच्या घरापुढे त्यांनी आधीच पाच नावे लिहून ठेवली आहेत. त्यांतले आईचे नाव मी खोडणार आहे आणि कारणाच्या जागी हा लेख देणार आहे.

कागद माझ्या हातात पाहून आईने काय आहे म्हणून विचारले. मी सांगितले. ती म्हणाली, "ती दुसरी घंटा कुठली रे, मरियेची ?" मी मेणवली म्हटले. "तिथं बसायला काही आहे का ?" घाटाला पायऱ्या आहेत, असे मी तिला सांगितले.